चौथ्या गल्लीचा वावर

अण्णांना जाऊन सोळा दिवस झाले होते तेव्हा नगरपालिकेतून फोन आला. मला वाटलं, मृत्यूच्या दाखल्याचं काही असेल. पण फोन रस्ते विभागातून होता. उपअभियंता अमृता वडणेरे बोलत होत्या. फोनवर सांगण्यासारखं नाही, जमलं तर ऑफिसात या, म्हणाल्या. इतकं जपून बोलणारा आवाज मी नुकताच हॉस्पिटलात ऐकला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीतून अर्धी रजा टाकून गेले.

आमची गल्ली म्हणजे उदय कॉलनीतली चौथी. एकसष्ट घरं, मधे सहा मीटर रुंदीचा रस्ता आणि त्याच्याखाली साठेक वर्षांपूर्वी टाकलेला पाण्याचा पाइप. पाइप जिथे जिथे गळतो तिथली माती पाण्याबरोबर वाहून जाते. वर डांबर शाबूत दिसतं, खाली पोकळी वाढत जाते. माझे वडील, अण्णा, पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं मेस्त्री होते. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि पाणी कुठे सुटलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर गळती सापडली नाही असं क्वचितच झालं असेल.

आता ते काम भूश्रवण यंत्रणा करते. इंटरनेटसाठी गावभर पुरलेल्या काचेच्या तारा तिला पुरतात, नवीन काही पुरावं लागत नाही. वॉर्ड ऑफिसातली एक पेटी त्या तारेत सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठिपका सोडते. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतात आणि त्यांच्यावरून थोडा प्रकाश परत येतो. जमीन हादरली की तार केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात तो ताण उमटतो. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान. गाडी, पाऊल, पडलेला हंडा, सगळ्याचा हादरा पेटीला कळतो. बोलणं ऐकू येत नाही, असं नगरपालिकेच्या पत्रकात जाड अक्षरात छापलं होतं. हादरा घट्ट मातीतून वेगाने जातो, भुसभुशीत मातीतून हळू. त्या वेगावरून खाली किती पोकळ आहे याचा अंदाज बांधता येतो.

एवढं असतं तर बरं होतं. पण गावात जुन्या गल्ल्या एकशे चाळीस, आणि राज्याकडून निधी मिळणार दहा गल्ल्यांना. म्हणून एक सूत्र ठरलं. जमीन किती खिळखिळी झाली आहे याला धोका म्हणायचं, त्या जागेवरून रोज किती जण जातात याला वावर, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे गल्लीचे गुण. नगरसेवकाचा वशिला नको, अर्जांची गर्दी नको. सूत्र न्याय्य होतं. प्रभाग सभेत त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत मीही होते.

पहिल्या यादीत चौथी गल्ली पाचवी आली. त्याच सुमारास अण्णांनी सतरा नंबरच्या घरापुढे, रस्त्याच्या मधोमध, चुन्याच्या फक्कीने एक मोठं वर्तुळ काढलं आणि इथे पाय टाकू नका म्हणून घरोघर सांगून आले. अण्णांचा शब्द गल्लीत कुणी मोडत नसे. लोक कडेने जाऊ लागले, स्कूटरवाले गटाराला चिकटून. तीन महिन्यांनी दुसरी यादी लागली आणि आम्ही एकोणिसावे होतो. धोका वाढला होता. वावर नाहीसा झाला होता. ज्या जागेवरून कुणी जातच नाही ती जागा सूत्राच्या लेखी निरुपद्रवी होती. अण्णांनी ती यादी बराच वेळ हातात धरली होती एवढं मला आठवतं. त्यानंतरच्या यादीत आम्ही पुन्हा नववे झालो. कसे, हे मी विचारलं नाही. अण्णा सकाळसंध्याकाळ माझ्यासमोर असत आणि दुपारी मी कॉलेजात असे.

वडणेरेंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आडव्या दिशेला गल्लीची लांबी होती, उभ्या दिशेला दिवस. दोनशे बारा मीटरवर, म्हणजे सतरा नंबरपुढे, ठिपक्यांचा एक दाट पट्टा वरून खाली येत होता. रोज दुपारी दोन ते सव्वातीन. त्यांनी एक दिवस मोठा करून दाखवला. दोन ठोके आणि त्यांच्यामध्ये एक हलका ठोका, पुन्हा दोन, पुन्हा एक हलका.

"हा एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या. "हलका ठोका काठीचा. सात महिने, रोज दोनशे फेऱ्या, त्याच चार मीटरवर."

मला सांगायची गरज नव्हती. दर दुसरा ठोका जरा लांबलेला होता. गेल्या वर्षी पडल्यापासून अण्णा डावा पाय ओढत चालायचे. तो ओढलेला पाय पडद्यावर स्पष्ट होता. दोन तारखेला तो दिसत होता, तीन तारखेपासून पट्टा कोरा. तीन तारखेला पहाटे आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं.

वडणेरेंनी विचारलं, मला ठाऊक होतं का. मी म्हटलं, जेवल्यावर शतपावली घालायची त्यांची सवय होती. त्यांनी पडद्यावरचा पट्टा बंद केला. मग दुसरा आकडा दाखवला. त्या जागी हादऱ्याचा वेग पूर्वी सेकंदाला एकशे ऐंशी मीटर होता. आता ब्याण्णव. ऐंशीच्या खाली गेला तर त्या स्वतःच्या अधिकारात गल्ली बंद करू शकत होत्या. ऐंशीच्या वर असेपर्यंत एखाद्या रहिवाशाची लेखी मागणी लागते.

"मग मी देते लिहून," मी म्हटलं.

"ताई, बंद केली की अख्ख्या मुदतीचा वावर शून्य धरतात. शून्याने कशालाही गुणा." त्यांनी पेन उचलून परत ठेवलं. "एकतीस तारखेला यादी कायम होणार. तोवरची सरासरी धरतात. पट्टा असाच कोरा राहिला तर तुम्ही चौदाव्या. पुढची फेरी तीन वर्षांनी."

तोवर पोकळी भरून का टाकत नाही, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाइप गळतोय तोवर भरलेलं सगळं वाहून जाणार, आणि पाइप बदलायचा म्हणजे अख्खी गल्ली उकरायची. त्यासाठीच तर निधी. निघताना त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि मी तुम्हाला काही करायला सांगितलेलं नाही, एवढं हळूच म्हणाल्या.

घरी येऊन मी अण्णांच्या खाटेवर बसले. त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना त्या जागेवरून उठवलं होतं, आणि सगळ्यांची पावलं स्वतः एकट्याने भरून काढली होती. हे त्यांनी मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते उघड होतं, म्हणूनच सांगितलं नसणार.

लायब्ररीत मी पुढचे दिवस दुपारनंतरची रजा टाकली. दोन वाजता गल्ली झोपलेली असते. पंख्यांचा आवाज आणि कुठेतरी कुकरची उशिराची शिट्टी, बाकी काही नाही. मी अण्णांची काठी घेऊन निघाले. काठीची मला गरज नव्हती. चुन्याचं वर्तुळ पुसट झालं होतं, तरी लोकांच्या पायांना ते पाठ होतं, आणि माझ्याही. आत पहिलं पाऊल टाकायला मला बराच वेळ लागला. पक्क्या रस्त्यावर आपण चालतो तेव्हा रस्ता पायाला उलट लागतो, हे एरवी जाणवत नाही. इथे तो लागत नव्हता. काठीचा आवाज बाहेर टक असा येई आणि आत आलं की तोच बसका होई. चार मीटर जायचं, वळायचं, चार मीटर यायचं. मी पावलं उचलताना श्वास धरत होते, जणू त्याने वजन कमी होणार होतं. पन्नासाव्या फेरीपासून मी काठीवर भार टाकून चालायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे दोनशे वेळा केलं, आणि संध्याकाळी मी आल्यावर चहा गोड झालाय म्हणून कुरकुर केली.

चौथ्या दिवशी, एका रिकाम्या सकाळी, मी माळ्यावरून त्यांची कांब काढली. नळाला पाणी सकाळी नऊला येतं. वर्तुळाच्या कडेला गुडघे टेकून मी कांब उभी धरली आणि कान लावला. लहानपणी त्यांनी मला ऐकवलं होतं. पाइपातलं पाणी सरसरतं, गळणारं पाणी फुसफुसतं. मला या दोन्हींपैकी काहीच ऐकू आलं नाही. उंचावरून मोठ्या टाकीत पाणी पडावं तसा आवाज येत होता, आणि त्याला घुमारा होता. मी कांब उचलली आणि घरी जाऊन माळ्यावर परत ठेवली.

त्या दुपारीही मी दोनशे फेऱ्या घातल्या.

निकम सरांनी मला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी. सर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, शाळेत गणित शिकवायचे आणि कवायतही घ्यायचे. त्यांच्या पत्नी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्यांना दुपारची झोप नसे. वरच्या खिडकीतून त्यांनी हाक मारली आणि मी काय करतेय ते विचारलं. मी वर गेले. अण्णांचं सगळं सांगितलं, सूत्राचं सांगितलं, पट्टा कोरा राहिला तर काय होईल ते सांगितलं. ब्याण्णवचा आकडा सांगितला नाही. कांबेतून काय ऐकलं ते सांगितलं नाही. ते ऐकलं असतं तर सरांनी मला थांबवलं असतं, आणि आता एकतीस तारखेला सहाच दिवस उरले होते. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. अण्णा माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे आणि यातलं अक्षर बोलले नाहीत, असं सर म्हणाले. मला वाटलं, गोष्ट आमच्या दोघांत राहील. तसं मी त्यांना सांगितलं मात्र नव्हतं.

रविवारी दुपारी मी भांडी आवरत होते. बाहेर टाळ्यांचा आणि त्यामागोमाग एकसारख्या धपधप पावलांचा आवाज आला. मी दारात आले. गल्लीतली चाळीसेक माणसं रांगा करून उभी होती. सतरा नंबरच्या मालनकाकींनी ठेवणीतली साडी नेसली होती. कुणीतरी अण्णांचा फोटो काकींच्या ओट्यावर खुर्चीत ठेवून हार घातला होता. निकम सर शिट्टी गळ्यात अडकवून बाजूला उभे होते.

"आलीस का," मालनकाकी म्हणाल्या. "जिवंतपणी अण्णांनी कुणाला बरोबर फिरायला नेलं नाही. आता नाही म्हणायला ते नाहीत."

लोक हसले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, काकी एकट्याच चालल्या तरी दहा जणांचा वावर लागेल. काकींनी त्याला तिथूनच दम दिला. मग सरांनी हात वर केला आणि म्हणायला लागले, डावा, उजवा, डावा. चाळीस माणसं पावलाला पाऊल जुळवून वर्तुळातून जायला लागली. एकेकट्याचे हादरे मागेपुढे पडतात आणि विरून जातात. ताल धरला की ते एकमेकांवर चढतात. पुलावरून जाताना सैनिकांना ताल मोडून चालायला सांगतात ते यासाठीच. सर गणिताचे होते, त्यांना हे माझ्याआधी ठाऊक असायला हवं. पण त्यांना खाली पुलासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं माझं काम होतं.

काकींच्या ओट्यापाशी सांडलेल्या पाण्याचं थारोळं होतं. प्रत्येक पावलाला त्यावर गोल लाट उठत होती. तिसऱ्यांदा रांग वळली तेव्हा ओटा आणि रस्ता यांच्यामध्ये नखाएवढी फट दिसली. ती आधी होती की नाही, मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

मी रांगेपुढे जाऊन उभी राहिले. "सर, थांबवा. सगळ्यांना बाहेर घ्या."

सरांनी शिट्टी वाजवली. पावलं थांबली.

"खाली पोकळी आहे. मोठी आहे. अण्णांना माहीत होतं. मलाही माहीत आहे."

लोक मागे सरले, पण कुणी घरी गेलं नाही. सर माझ्याकडे बघत होते. "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. 

मला वाटलं होतं, आता विषय संपला. तो तिथून सुरू झाला. तीनच दिवस उरलेत, कुणीतरी म्हणालं. एकदम नको, पाच-पाच जण जाऊ. पावलं जुळवायची नाहीत. हलक्या वजनाच्यांनी आधी. एकाने कंबरेला दोर बांधायची कल्पना काढली आणि तिच्यावर गंभीरपणे चर्चा झाली. सरांनी खिशातून कागद काढून पाळ्या लिहायला घेतल्या. भीती सगळ्यांना वाटत होती, चेहऱ्यावर दिसत होती, पण तीन वर्षांची भीती तीन दिवसांत उरकते म्हटल्यावर ती माणसं हिशोबी झाली होती. मीही तशीच झाले होते, आठवड्यापूर्वी, एकटीने.

"माझं नाव पहिलं लिहा," मालनकाकी म्हणाल्या. "घरासमोरचं आहे. मला कुठे लांब जायचंय."

सरांनी लिहिलं. त्या अक्षरांकडे बघताना मला कळलं की हे आता कुणाच्या सांगण्याने थांबणार नाही. प्रत्येकाकडे अण्णांचं उदाहरण होतं. सात महिने एक म्हातारा चालला आणि त्याला काही झालं नाही. तो गेला तो हृदयविकाराने.

मी घरात गेले आणि वडणेरेंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी रहिवासी म्हणून गल्ली बंद करण्याची लेखी मागणी करते आहे, आत्ता पाठवते, म्हटलं. 

"ताई, तीन दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या. "पाठवलंत की मला परत घेता येणार नाही."

"पाठवलंय," मी म्हटलं.

दोन तासांत गाडी आली. कामगारांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना आणि सतरा नंबरच्या अलीकडेपलीकडे पत्रे ठोकले. तो आवाज ऐकत लोक आपापल्या दारात उभे होते.  सरांनी पाळ्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि फोटोवरचा हार काढून माझ्या हातात दिला.

यादी कायम झाली. आम्ही शेवटचे, एकशे चाळिसावे. पहिल्या दहा गल्ल्यांत कामं सुरूही झाली आहेत.

याला आता पाच महिने झाले. सगळी गल्ली घरांच्या पाठच्या सफाईच्या बोळातून ये-जा करते. तिथून दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. गॅसचे सिलिंडर खांद्यावरून आणावे लागतात. मालनकाकी मुलीकडे राहायला गेल्या, जाताना माझ्या दारावरून गेल्या आणि थांबल्या नाहीत. भाजीवाला या जागेला माझ्या नावाने रेवतीबाईंची गल्ली म्हणतो, ते त्याला कुणीतरी शिकवलेलं आहे. वडणेरे दर मंगळवारी मला वेगाचा आकडा पाठवतात. शहाऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशी. सत्याऐंशी. मधल्या काळात कुणीही वर चालत नसल्यामुळे माती थोडी घट्ट होत असावी, असं त्यांनी कळवलं. सत्याऐंशीचा आकडा पाहून मला वाईट वाटलं होतं. आणि वाईट वाटलंय हे लक्षात आल्यावर मी फोन पालथा घालून ठेवला.

निकम सर मला कधी भेटले तर एकच वाक्य बोलत. अजून खचली नाही, रेवती.

गेल्या गुरुवारी त्यांच्या पत्नींना धाप लागली. अँब्युलन्स पत्र्यापाशी थांबली. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून बोळातून नेलं, वळणावर खुर्ची अडकली, तिरकी करावी लागली. मी मदतीला गेले तर सरांच्या भाच्याने नुसता हात आडवा केला. संध्याकाळी त्या जरा बऱ्या आहेत असं कळलं. अंधार पडायच्या आधी सर हॉस्पिटलातून परत आले. मी खिडकीत होते. ते बोळाकडे वळले नाहीत. त्यांनी गल्लीच्या तोंडाचा पत्रा सरकवला आणि सरळ मधून यायला लागले. सतरा नंबरपाशी दुसरा पत्रा होता, तोही त्यांनी बाजूला केला. मग मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि वर्तुळात शिरले. सावकाश, प्रत्येक पाऊल दाबून.

चारच मीटर. ओरडायला पुरेसा वेळ होता. खिडकीची कडी माझ्या हाताखाली होती, आणि मी खालच्या जमिनीकडे कान देऊन उभी होते. मी कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं.

सर पलीकडे पोचले. पत्रा त्यांनी परत नीट लावला.